तिरका स्वल्पविराम

लेख हातात पडला की आधी शेवटचं पान उघडतात ते संदर्भशास्त्री. विषय कोणता, गृहीतक काय, निष्कर्ष पटण्याजोगा आहे की नाही, याच्याशी त्यांना तूर्त कर्तव्य नसतं. नजर थेट संदर्भसूचीवर जाते आणि तिथंच मुक्काम ठोकते. विद्यापीठाच्या प्रत्येक विभागात असे एक सर असतात, प्रत्येक नियतकालिकाच्या संपादक मंडळात एक असतात, आणि विद्यापीठाच्या गेटसमोर 'प्रबंध टायपिंग, बाइंडिंग, झेरॉक्स' अशी पाटी लावलेल्या दुकानातही, पदवीवाचून काही न अडलेले, एक असतात. हुद्दा वेगळा, जातकुळी एकच. त्यांच्या संगणकावर पान कायम दोनशे टक्के मोठं केलेलं असतं. त्याला कारण आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या, म्हणजे सगळे जिला 'एपीए' म्हणतात त्या पद्धतीत नियतकालिकाचं नाव तिरक्या अक्षरात येतं, पुढचा खंड क्रमांक तिरका येतो, कंसातला अंक क्रमांक मात्र सरळ उभा राहतो. आणि नाव नि खंड यांच्या मधला स्वल्पविरामही तिरकाच लागतो. बारा पॉइंटांत सरळ आणि तिरक्या स्वल्पविरामातला फरक देवालाही दिसायचा नाही. शास्त्रीबुवांना दिसतो. रात्री साडेदहाला त्यांचा फोन येतो, "मॅडम, झोपला नाहीत ना? वरून एकोणिसाव्या नोंदीत पृष्ठांकांच्या मध्ये तुम्ही हायफन टाकलाय. तिथं एन-डॅश पाहिजे." मॅडम चौथ्या प्रकरणावर अभिप्राय येईल म्हणून महिनाभर वाट बघत असतात. त्या भीत भीत विचारतात. बुवा म्हणतात, "प्रकरण ना? ठीक आहे ते."

आता यावर हसायचं नाही तर कशावर हसायचं? ज्ञानाच्या क्षेत्रात आयुष्य काढायचं आणि ते काढायचं टिंबांची राखण करण्यात, हा विनोद त्यांनी स्वतःच्या हातानं उभा केलेला आहे; आपण फक्त प्रेक्षक. तरीही माझं म्हणणं असं आहे की या माणसाला हसून झाल्यावर कामावरून काढू नये. त्यांच्या आग्रहात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. एक आहे चिन्हांची मांडणी: कुठं पूर्णविराम, कुठं तिरकं अक्षर, कुठं '&'. दुसरी आहे रकाने: लेखक कोण, वर्ष कोणतं, आवृत्ती कितवी, पान कुठलं. मांडणीला काडीची किंमत नाही. रकान्यांना आहे, कारण रकाना रिकामा राहिला की तो भरण्यासाठी कुणाला तरी मूळ पुस्तक किंवा मूळ अंक उघडावा लागतो, आणि संशोधनाच्या सगळ्या रहाटगाडग्यात मूळ उघडून बघण्याची सक्ती दुसरीकडे कुठंही उरलेली नाही. बुवांना या दोहोंतला फरक कळत नाही. दोन्हीसाठी ते सारख्याच त्वेषानं भांडतात. ते हास्यास्पद आहेत ते यामुळे, आणि उपयोगी आहेत तेही यामुळेच.

मांडणीला किंमत नाही हे म्हणायला मला धाडस लागत नाही, कारण तिचा इतिहासच ते सांगतो. बुवा ज्या नियमांना श्रुतिस्मृतींचा दर्जा देतात ते फार जुने नाहीत आणि एकमेकांशी जमतही नाहीत. एपीएची सुरुवात १९२९ साली एका मानसशास्त्रीय नियतकालिकातल्या सात पानांच्या टिपणानं झाली. २०१९च्या सातव्या आवृत्तीपर्यंत त्याचा चारशेहून जास्त पानांचा ग्रंथ झाला. मधल्या, २००९च्या सहाव्या आवृत्तीची पहिली छपाई तर चुकांनी इतकी भरलेली निघाली की प्रकाशकांना ती बदलून द्यावी लागली. अचूकपणाचं पुस्तकच अशुद्ध निघालं, ही घटना बुवा सुतकासारखी पाळतात, तिचा उच्चार करत नाहीत. ज्याला सगळे हार्वर्ड पद्धत म्हणतात तिचा उगम एडवर्ड लॉरेन्स मार्क नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाच्या १८८१ सालच्या लेखात सापडतो, आणि तो लेख आहे गोगलगाईच्या भाईबंद असलेल्या बिनशंखी जिवाच्या अंड्यांवर. शिकागोची नियमावली १९०६ची. व्हँकुव्हर पद्धत जन्मली ती १९७८ साली काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक त्या गावी जमले म्हणून. ते दुसऱ्या गावी जमले असते तर आपले डॉक्टर आज दुसऱ्या गावाचं नाव घेत असते. इतक्या योगायोगांतून आलेल्या गोष्टीला सनातन मानायचं, तर माणूस फार श्रद्धाळू असावा लागतो. बुवा आहेत.

या श्रद्धेची परीक्षा घेणारा प्रसंग सातव्या आवृत्तीनं आणला. त्याआधीची कित्येक वर्षं बुवांनी विद्यार्थ्यांकडून प्रकाशनस्थळ लिहून घेतलं होतं. प्रकाशकाच्या आधी गाव, गावानंतर विसर्गासारखी दोन टिंबं, मग प्रकाशक. 'पुणे' लिहायचं राहिलं म्हणून त्यांनी प्रबंध परत पाठवले होते. २०१९ साली अमेरिकेहून निरोप आला की गाव लिहायची गरज नाही. पुण्याचं नाव संदर्भातून गळालं ही गोष्ट खुद्द पुण्यात पचणं अवघडच होतं. पण बुवांचं मोठेपण असं, की त्यांनी एका रात्रीत पक्ष बदलला आणि दुसऱ्या दिवसापासून 'पुणे' लिहिलं म्हणून प्रबंध परत पाठवायला लागले. त्याच आवृत्तीतला लेखकसंख्येचा नियम त्यांना विशेष आवडतो. वीस लेखकांपर्यंत सगळ्यांची नावं द्यायची; एकवीस किंवा जास्त झाले तर पहिले एकोणीस द्यायचे, मग तीन टिंबं, मग शेवटचा. म्हणजे बरोबर एकवीस जणांनी मिळून लेख लिहिला, तर एकट्या विसाव्या माणसाचं नाव वाचवण्यासाठी... नव्हे, गाळण्यासाठी, तीन टिंबं खर्ची पडतात. त्या विसाव्या माणसानं काय घोडं मारलं होतं, असा प्रश्न तुमच्या-माझ्या मनात येतो. बुवांच्या मनात येतो तो प्रश्न वेगळा: टिंबांच्या मध्ये जागा सोडायची की नाही?

हे सगळं इंग्रजीतलं इंग्रजीत राहिलं असतं तर बुवा केवळ नमुनेदार ठरले असते. ते खरे रंगतात मराठीत, कारण आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षर या साच्यात मराठी ग्रंथव्यवहार बसवणं हा मुळातच हातघाईचा प्रकार आहे. ग्रेस यांच्या कवितेचा संदर्भ द्यायचा झाला की सॉफ्टवेअर पहिलं नाव मागतं. आरती प्रभू कवितेसाठी एका अक्षराखाली जातात आणि तेच खानोलकर कादंबरीसाठी दुसऱ्या. गडकऱ्यांचा तर त्रिकोणच: नाटकांना राम गणेश गडकरी, कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम, सूचीत तीन ठिकाणी तीन माणसं उभी राहतात आणि परीक्षक विचारतो, "या तिघांनी एकत्र काही लिहिलंय का?" संतांची गोष्ट आणखी अवघड. इंग्रजी प्रबंधात ज्ञानेश्वरांचं आडनाव कोणतं लावायचं यावर दोन मार्गदर्शकांचं बोलणं बंद झालेलं असू शकतं. वर्णानुक्रमाची कथा वेगळीच. 'ळ' आपण शाळेत 'ह'च्या नंतर शिकलो, पण संगणकाच्या युनिकोड तक्त्यात तो 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसलाय. 'क्ष' आणि 'ज्ञ' कुणी शेवटी घेतं, कुणी 'क' आणि 'ज'च्या पोटात. त्यामुळे क्षीरसागरांची नोंद शोधायची तर सूचीत दोन टोकांना फिरून यावं लागतं. तिरकी अक्षरं हा तर शुद्ध अन्याय. देवनागरीला तिरकं करण्याची परंपरा नाही. संगणकानं जबरदस्तीनं कलंडवलेली अक्षरं शिरोरेषेला लोंबकळताना दिसतात. तरी बुवा म्हणतात, तिरकं करा. नियम आहे. आणि जुन्या फाँटमधली फाइल युनिकोडमध्ये आणताना ज्या दिवशी सगळ्या सूचीची बाराखडी कोसळते, त्या दिवशी दुकानातला ऑपरेटर, मॅडम आणि बुवा तिघंही एकाच बाकावर बसून चहा पितात. समता म्हणतात ती हीच.

पण नीट पाहिलं तर याच मराठी अडचणींत माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे. कोसंबी पितापुत्रांचं उदाहरण घ्या. मूळ गोव्याचे धर्मानंद कोसंबी हे बौद्ध वाङ्मयाचे पंडित, आणि त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद हे गणिती आणि इतिहासकार. देवनागरीत 'ध.' आणि 'दा. ध.' अशी सोय आहे. रोमन लिपीत मात्र वडील एक 'डी.' आणि मुलगा दोन 'डी.' घाईत एक 'डी.' गळाली, की भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा १९५६चा तो प्रसिद्ध ग्रंथ वडिलांच्या नावावर चढतो. आणि वडील तर १९४७ सालीच वारले. हे मांडणीचं खुसपट नव्हे. पुस्तक कुणी लिहिलं हा प्रश्न आहे, आणि तो पकडला जातो केवळ एका टिंबासाठी हटून बसणाऱ्या माणसामुळे. तीच गोष्ट शकाची. जुन्या मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'शके १८५०' असतं. विद्यार्थी नुसता आकडा उचलतो, आणि १९२८-२९ सालचं पुस्तक एका फटक्यात अठ्ठ्याहत्तर वर्षं मागं जाऊन लेखकाच्या जन्माआधी प्रसिद्ध होतं. बुवा विचारतात, "हे वर्ष शकाचं की इसवीचं?" या प्रश्नाचं उत्तर गुगलवर नसतं. ग्रंथालयात जाऊन, धूळ झटकून, पान उलटूनच ते मिळतं. आणि पान उलटलंच आहे तर विद्यार्थिनी पुढची चार पानंही वाचते, ही या सगळ्या छळातली एकमेव शैक्षणिक घटना.

पहिला आक्षेप अर्थात वेळेचा, आणि तो बिनतोड आहे. 'प्लॉस वन' या नियतकालिकात २०१९ साली आलेल्या एका पाहणीनुसार लेखाच्या मांडणीची ही सजावट दर लेखामागे १४ तास आणि दर संशोधकामागे वर्षाला ५२ तास खाते. एका नियतकालिकानं नाकारलेला लेख दुसऱ्याकडे पाठवायचा तर सगळी सूची पुन्हा सोवळं नेसून उभी करायची, मग तिसऱ्याकडे पुन्हा. हा छळ आहे हे मोठ्या प्रकाशकांनाही कळलं. एल्सेव्हिअरनं २०११ पासून काही नियतकालिकांत पहिल्या फेरीला कोणत्याही मांडणीतली सूची चालेल असं जाहीर केलं. अट एकच, की तपशील पूर्ण असावेत. म्हणजे मांडणी सोडली, रकाने ठेवले. मी नेमकं हेच म्हणतोय. बुवांना मात्र ही सवलत फितुरी वाटते. 'कोणत्याही मांडणीत' हे शब्द वाचून त्यांना रात्रभर झोप लागलेली नाही, असं त्यांच्या सौभाग्यवती सांगू शकतील.

पण वेळेचा हिशेब मांडणारे दुसरा हिशेब मांडत नाहीत. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी २००३ साली एक गमतीदार काम केलं. भौतिकशास्त्रातला एक नावाजलेला लेख त्यांनी घेतला. त्याला ४३०० वेळा संदर्भ म्हणून उद्धृत केलं गेलं होतं. त्यांपैकी १९६ ठिकाणी तपशील चुकलेला होता. चूक कुणाकडूनही होते, पण या १९६ चुका वेगवेगळ्या नव्हत्या. वेगळ्या फक्त ४५. पृष्ठांकाची एक ठरावीक चूक तर तब्बल ७८ जणांनी केली होती. इतक्या जणांची बोटं एकाच चुकीच्या अंकावर आपोआप पडत नाहीत. त्यांनी दुसऱ्याच्या सूचीवरून उतरवून घेतलं होतं. यावरून त्या दोघांनी अंदाज बांधला की उद्धृत करणाऱ्यांपैकी मूळ लेख वाचणारे वीस टक्क्यांच्या आसपासच असावेत. अंदाज कमीजास्त असेल; पण मूळ अंक उघडून पृष्ठांक ताडून बघणारा एक जरी शास्त्रीबुवा त्या रांगेत उभा असता, तर पुढच्यांची चूक तिथंच अडली असती. पालकातल्या लोहाची कथा याहून बोलकी. दशांशचिन्ह चुकल्यामुळे पालकात दहापट लोह असल्याचा समज पसरला, ही हकीकत १९८१ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून गाजली आणि चुकीच्या आकड्यांचा धडा म्हणून ती वर्षानुवर्षं उद्धृत होत राहिली. पुढं शोध घेणाऱ्यांच्या लक्षात आलं की मूळ लेखकानं दशांशचिन्हाच्या त्या गोष्टीला काही आधारच दिला नव्हता, आणि आधार सापडतही नाही. बेसावधपणाविरुद्धचा धडा बेसावधपणेच उतरवला जात होता. त्या लेखाच्या हस्तलिखितावर आपल्या बुवांनी लाल शाईनं 'संदर्भ?' असं तीन अक्षरांत लिहिलं असतं, तर पालकाची निदान एक बदनामी टळली असती.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा: "सर, हे सगळं झोटेरो करतं." करतं, खरंच. २००६ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या इतिहास केंद्रातून निघालेलं ते फुकटचं सॉफ्टवेअर बटण दाबताच सूची या पद्धतीतून त्या पद्धतीत फिरवून देतं, आणि अशा साधनांसाठी तयार असलेल्या पद्धतींची संख्या दहा हजारांच्या वर आहे. दहा हजार! जगात इतके धर्म तरी असतील का? बुवांची निम्मी पोटापाण्याची विद्या या बटणानं खाल्ली, हे कबूल करायला हवं, आणि स्वल्पविरामाचं काम यंत्राकडे गेलं याबद्दल मला तरी दुःख नाही. पण यंत्र रकाने भरत नाही. ते संकेतस्थळावरून जे येईल ते रकान्यात ओततं. तिथं कुणी लेखकाचं नाव 'डॉ. देशपांडे' असं भरून ठेवलं असेल, तर सूचीत निमूटपणे 'देशपांडे, डॉ.' येतं, म्हणजे डॉक्टर हे बारशाचं नाव. वडिलांचं नाव आडनावाच्या जागी बसतं, पुस्तकाचं शीर्षक सगळं मोठ्या लिपीत ओरडत येतं, आणि संपादकाला लेखक केलं जातं. यंत्राला शंका येत नाही. बुवांना येते, किंबहुना शंका येणं एवढीच त्यांची पात्रता आहे, आणि ती कोणत्याही नेट-सेटमध्ये तपासली जात नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो माझ्या बाजूचीच वीट काढून घेतो. तो असा: बुवा तरी मूळ कुठं उघडतात? ते तर रूप पाहतात. रूप नीट असलं की त्यांचं समाधान. याला भक्कम पुरावा आहे. एल्सेव्हिअरच्या लेखकांसाठीच्या सूचनांत नमुना म्हणून एक संदर्भ छापलेला असायचा: वान डेर गीर आणि आणखी दोघांचा, वैज्ञानिक लेख लिहिण्याच्या कलेवरचा, २००० सालचा, पृष्ठं ५१ ते ५९. असा लेख कधी लिहिलाच गेला नव्हता. तो फक्त नमुना होता, 'अमुक तमुक' यासारखा. पण लेखक नमुन्याची ओळ खोडायला विसरले, काहींनी ती खुशाल आपल्या मजकुरात वापरली, आणि या अस्तित्वात नसलेल्या लेखाला जवळजवळ चारशे वेळा उद्धृत केलं गेलं. दोन प्राध्यापकांनी याचा माग काढेपर्यंत तो सुखानं नांदत होता. का नांदला? कारण त्याची मांडणी निर्दोष होती! ती तर आदर्श म्हणूनच छापली होती. चारशे ठिकाणी चारशे शास्त्रीबुवांच्या नजरेखालून तो गेला असेल, आणि त्यांनी मान डोलावली असेल: वा, काय स्वल्पविराम आहे.

हा पुरावा मी मान्य करतो, आणि म्हणूनच बुवांच्या दोन आग्रहांची फारकत व्हावी असं म्हणतो. आज तर ती टाळताच येणार नाही. पूर्वी बनावट संदर्भ ओळखू यायचा, कारण थापा मारणारा माणूस मांडणीतही ढिसाळ असायचा. बुवा टिंबावरून संशय घेत आणि संशय बहुधा खरा निघे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितलं की ती नसलेल्या लेखकाचा, नसलेल्या अंकातला, नसलेला लेख अशा देखण्या एपीएमध्ये देते की बुवांनी फ्रेम करून भिंतीवर लावावा. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी असेच चॅटजीपीटीनं रचलेले खटले दाखले म्हणून सादर केले. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड ठोठावला. खटल्यांची नावं, वर्षं, मांडणी, सगळं कसं जिथल्या तिथं होतं. नव्हते ते फक्त खटले. अशा काळात तिरका स्वल्पविराम ओळखणारा डोळा निरुपयोगी झाला. पण "हा अंक कुठं आहे, दाखवा" म्हणणारं तोंड महाग झालं. बुवांकडे दोन्ही आहेत. त्यांनी एक मिटून दुसरं उघडावं, एवढीच अपेक्षा.

आणि मराठीत याला घरचा दाखला आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली, आणि पुढच्या भागात ती १९५० पर्यंत आणली. एपीए त्यांच्या गावीही नव्हतं. लेखक, वर्ष, पृष्ठं, किंमत हे रकाने भरायला माणसाला किती कपाटं उघडावी लागली असतील याचा विचार केला, की 'सूचिकार' ही उपाधी लोकांनी त्यांच्या नावापुढे का लावली ते समजतं. आजही जुन्या पुस्तकाचं साल अडलं की अभ्यासक आधी दात्यांकडे जातात; दात्यांच्या नोंदीतला स्वल्पविराम सरळ होता की तिरका, हे कुणाला आठवत नाही. आपले बुवा स्वतःला त्याच घराण्यातले मानतात. अर्धे आहेत.

उरलेल्या अर्ध्याला बिघडवलं ते व्यवस्थेनं, हेही सांगायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं आणि ते मोजताना संदर्भसूची वगळली जाते. म्हणजे मजकुराला चाळणी आहे, सूचीला नाही. मग सूची फुगते. न वाचलेली पुस्तकं वजनासाठी घातली जातात, मार्गदर्शकांचे चार लेख प्रेमानं घातले जातात. चांगल्या नियतकालिकांची 'केअर' यादी, जिचं बरंचसं काम पुण्यातूनच चालायचं, २०१९ साली आली आणि २०२५ साली गेली. ती असतानाही आणि नसतानाही, पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या म्हणणारी नियतकालिकं मजेत आहेत. त्यांच्याकडे शास्त्रीबुवा नसतात. तिथं तुमच्या स्वल्पविरामाला कुणी बोट लावत नाही, एन-डॅश मागत नाही, रात्री फोन करत नाही. सगळं कसं गोड. बुवांचा जाच ज्यांना नको वाटतो त्यांनी एकदा तिथला लेख शेवटच्या पानापासून वाचून बघावा.

बहिःस्थ परीक्षक म्हणून बुवांना बोलावताना विभागप्रमुख दहादा विचार करतात, तो याचमुळे. मौखिकी परीक्षेला सगळे नटूनथटून बसलेले असतात, पुष्पगुच्छ टेबलाखाली तयार असतो, उमेदवाराच्या सासूबाई मागच्या रांगेत पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. निष्कर्षांवर प्रश्न येतील म्हणून उमेदवारानं रात्र जागवलेली असते. बुवा प्रबंध उलटा धरल्यासारखे मागून उघडतात. आधी अर्थातच एक सरळ स्वल्पविराम सापडतो, त्यावर पाच मिनिटं जातात, आणि मार्गदर्शक सुटकेचा श्वास सोडतात. मग बुवांचं बोट आणखी खाली येतं. "ही एक्काहत्तरावी नोंद. शके १८१२चं पुस्तक आहे. तुम्हाला कुठं मिळालं हे?" उमेदवार मार्गदर्शकांकडे बघतो. मार्गदर्शक घड्याळाकडे बघतात आणि म्हणतात, "सर, ते सगळं दुरुस्त करून घेऊ आपण. आधी चहा घ्या."

"घेतो की," बुवा म्हणतात. "साखर नको. कुठल्या ग्रंथालयात पाहिलंत?"